पूजेतला पाना

बाबा घरी बसले त्या वर्षी आमच्या घरात विमानांखेरीज कुणी मोठ्याने बोलत नसे. बाडहूव्हडॉर्पमधलं आमचं घर विमानतळाला इतकं लागून होतं की वारा फिरला की फडताळातले कप एकमेकांना लागून किणकिणत. पूर्वी विमान गेलं की आम्ही अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच उचलून पुढे न्यायचो. त्या वर्षी विमान निघून जायचं आणि वाक्य तसंच पडून राहायचं. आई पहाटेच्या पाळीला जायची, विमानात देतात त्या जेवणाचे ट्रे भरायच्या कारखान्यात. दुपारी ती परतली की तिच्या स्वेटरला उकडलेल्या भाजीचा एक ओशट वास असायचा. दारातूनच ती आधी सोफ्याकडे बघायची, मग बूट काढायची. सोफ्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. त्या भिंतीवर काहीही नव्हतं, साधं कॅलेंडरसुद्धा.

झालं होतं ते एवढंच. झुइडास या मोठमोठ्या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत बाबा बरीच वर्षं काम करत होते. ज्या कामासाठी ते पुण्याहून तिथे आले, ते काम बँकेने एक दिवस उचललं आणि पुण्याला पाठवून दिलं. काम परत गेलं, बाबा तिथे राहिले. आमच्याकडे कायमचा परवाना होता, त्यामुळे आम्हाला जा असं कुणी म्हणत नव्हतं. या असंही कुणी म्हणेना. सुरुवातीला बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसत, अर्ज पाठवत, मुलाखती देत. मग शर्ट गेला, मग दाढी करणं गेलं, मग उठणं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टरांकडे आई त्यांना ओढून घेऊन गेली, तर त्यांनी रोज चालायला जा आणि बरं नाही वाटलं तर पुन्हा या, असं सांगितलं. बाबा चालायलाही गेले नाहीत आणि पुन्हाही गेले नाहीत.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या टप्प्यात होते. मला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून डच बाहेर पडायचं, फार तर इंग्रजी. मराठी लिहायला मी पुढे पुण्यात आल्यावर, चांगल्या मोठ्या वयात शिकले. त्यामुळे या प्रकरणात माझ्या तोंडची जी वाक्यं आहेत ती खरं तर डच होती. बाबा मात्र मला मराठीतच उत्तर द्यायचे. अशा दोन भाषांत आमच्या घरात भांडणंसुद्धा सुरळीत होत असत. त्या वर्षी भांडणंही बंद पडली. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

एका शनिवारी आईने बाबांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "विनय, बटाटे संपलेत. कालव्याकाठच्या त्या टेबलावरून घेऊन ये. सई येईल बरोबर." तिकडे शेतकरी रस्त्याकडेला टेबल मांडून बटाटे-अंडी ठेवतात, शेजारी पैशांचा डबा असतो, माणूस नसतो. बटाटे घरात भरपूर होते. ते तिने वॉशिंग मशीनच्या मागे लपवले होते, हे मी पाहिलं होतं. बाबांनाही कळलं असावं, कारण ते काही न बोलता उठले. आम्ही सायकली काढल्या. वारा तोंडावर होता. बाबा इतके सावकाश पेडल मारत होते की मला पुन्हा पुन्हा थांबावं लागत होतं.

टेबलाच्या मागे एक पत्र्याची शेड होती आणि तिचं दार उघडं होतं. आत एक इंजिन उभं होतं. रेल्वेचं वाफेचं इंजिन रुळांवरून उतरून शेतात राहायला आलं तर कसं दिसेल, तसं ते दिसत होतं: लांब काळा बॉयलर, वर धुराडं, पुढे दोन लहान चाकं आणि मागे दोन लोखंडी चाकं, माझ्या डोक्याहून उंच. बाबा सायकल स्टँडवर न लावताच आत गेले. सायकल मागे पडली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी मागच्या चाकावर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन हा माणूस सरळ कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला होता. पदवी मिळाल्यापासून त्याने लोखंडाला हात लावला नव्हता. हे मला नंतर आईने सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की कित्येक महिन्यांनी बाबा स्वतःहून कशाकडे तरी चालत गेले होते.

शेडमधल्या म्हाताऱ्यांचं नाव खेरिट. नावाचं पहिलं अक्षर घसा खाकरून काढावं लागतं. डच पद्धतीने मी त्यांना नुसतं खेरिट म्हणायचे, तर आई रागवायची. "तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत ते," म्हणायची. तेव्हापासून ते खेरिटआजोबा झाले आणि आता लिहितानाही माझा हात त्यांना नुसतं खेरिट लिहायला तयार होत नाही. उंच, वाकलेले, एक खांदा धड वर न जाणारे. बायको वारलेली. बाबांनी इंग्रजीत विचारलं, "हे चालतं का?" आजोबा म्हणाले, "रस्त्यावर चालतं. गवतात नाही. आणि आमच्याकडे आहे सगळं गवतच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. इंजिन त्यांचं नव्हतं, गावातल्या एका छोट्या मंडळाचं होतं, ते फक्त सांभाळत होते. दर शरद ऋतूत शेडमागच्या कुरणात जुन्या पद्धतीच्या मळणीचा दिवस भरायचा. इंजिनाने मळणीयंत्र मागे जोडून कुरण ओलांडायचं, पलीकडच्या बांधाजवळ उभं राहायचं आणि पट्ट्याने ते यंत्र फिरवायचं. पण तिकडची जमीन समुद्राच्या पातळीखालची, वरून हिरवीगार, आतून चिकट आणि पाण्याने भरलेली. चाकं गुळगुळीत, तिरप्या लोखंडी पट्ट्या होत्या त्या झिजून सपाट झालेल्या. काही वर्षं शेजारचा ट्रॅक्टर इंजिनाला ओढून पलीकडे नेत होता. मंडळातल्या लोकांना त्याचा कंटाळा आला होता. एका परदेशी संग्राहकाने इंजिन मागितलं होतं. यंदा ते आपल्या पायाने पलीकडे गेलं तर ठेवायचं, नाही तर विकायचं, असं ठरलं होतं.

बाबा चाकाभोवती फिरले. चाकाच्या कडेच्या लोखंडी धावेला ओळीने भोकं होती. "इथे दाते बसत असणार," ते म्हणाले. आजोबा म्हणाले की बसायचे, पण ते दाते कधीच भंगारात गेले. बाबा खाली बसले आणि एका भोकात बोट घालून त्याची कड चाचपू लागले. बटाटे आम्ही विसरलो. घरी गेल्यावर आईने हातातली रिकामी पिशवी बघितली. तिने मशीनमागचे बटाटे काढून त्यांची भाजी केली.

त्यानंतरचे महिने आमच्या घराला थोडे बरे गेले. बरे म्हणजे काय, तर बाबा उठायचे. आई पाळीवर गेली की तेही सायकल काढायचे. शेडमध्ये त्यांनी जाड लोखंडी अँगलचे तुकडे कापले, त्यांना भोकं पाडली, कडा घासल्या. वेल्डिंग करताना पहिल्यांदा त्यांनी हात भाजून घेतला आणि संध्याकाळी तो फोड ते आईला असा दाखवत होते जसा लहान मूल पडलेला दात दाखवतं. जेवायला लागले. भात पुन्हा वाढ म्हणाले. शनिवारी मी जायचे आणि बोल्ट धरायचे. इंजिन इंग्लंडातलं, फार जुनं, त्यामुळे बोल्टांचं मापही आता कुठे न मिळणारं. त्यांना बसणारा पाना एकच होता, माझ्या हाताएवढा लांब, मधे झिजून चकचकीत झालेला. आजोबांचा खांदा तो पेलायचा नाही. बाबा पाना लावायचे, मी पलीकडून बोल्ट धरायचे आणि आजोबा "नॉख एन," म्हणजे अजून एक, असं म्हणत पुढचा दाता हातात द्यायचे. कधी आई डब्यात साबुदाण्याची खिचडी द्यायची. आजोबांनी पहिल्यांदा ती पाहून ही कुठल्या माशाची अंडी, असं विचारलं होतं. नंतर डबा उघडायच्या आधी त्यांच्या हातात चमचा असायचा.

धावेला जितकी भोकं होती तितके दाते बाबांनी केले. एकही भोक रिकामं ठेवायचं नाही, असं दोघांनीही ठरवलं होतं. जितके दाते तितकी पकड, यात शंका घेण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही. मलाही नाही.

त्याच सुमारास आई एकदा भांडी घासताना मला म्हणाली, "ते इंजिन गेलं ना सई, तर हा परत त्या सोफ्यावर जाईल. आणि या वेळी मला नाही उठवता येणार त्याला. माझ्यात नाही राहिलं तेवढं." तिने नळ सोडला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले.

मळणीचा दिवस नेमका खंडेनवमीला आला. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात आणि पूजेला मांडलेलं अवजार दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत वापरत नाहीत. आमच्या घरात गेली काही वर्षं ही पूजा म्हणजे बाबांचा लॅपटॉप, आईची कात्री आणि माझा कंपास. आदल्या वर्षी पूजा मांडलेली असताना ऑफिसातून काहीतरी तातडीचं आलं, बाबांनी लॅपटॉपवरचं फूल बाजूला केलं, दोन मेल लिहिले आणि फूल परत ठेवलं. आम्ही तिघंही हसलो होतो. पुढे काम गेल्यावर एकदा आई फार वैतागलेली असताना बोलून गेली, "पूजेतला लॅपटॉप उचललास ना, तेव्हाच संपलं सगळं." बोलली आणि विसरली. रागात माणूस काय काय बोलतं. बाबा मुळात देवधर्म करणारे नव्हते. पुण्याला असताना ते या सगळ्याची थट्टा करायचे म्हणे. पण सोफ्यावर पडलेल्या माणसाकडे एखादं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला वेळ भरपूर असतो.

त्या दिवशी आई आनंदात होती. नऊ दिवसांचे उपवास चालू होते, तरी सुट्टी घेऊन, साडीवर रेनकोट चढवून ती सकाळी सकाळी आमच्याबरोबर शेडमध्ये आली. तिने बाल्कनीत झेंडू लावले होते, त्यांचा हार केला होता. तिकडे बायका झेंडू भाजीत कीड येऊ नये म्हणून लावतात. हार बघून आजोबांना फार गंमत वाटली. त्यांनी पहाटेच बॉयलर पेटवला होता, कारण वाफ धरायला तास न् तास लागतात. पोटात आग असलेल्या इंजिनाला आईने हळदकुंकू वाहिलं, धुराड्याखाली हार घातला, चाकापुढे लिंबू ठेवलं. मग फळीवर स्वच्छ फडकं अंथरून अवजारं मांडायला घेतली. हातोडा, तेलाची बुधली, पक्कड.

"फावडं नको गं ठेवूस," बाबा म्हणाले, "कोळसा घालायला लागेल."

"बरं. आणि हा पाना?"

"ठेव. दाते कालच बसवून झालेत, आता त्याचं काय काम."

आईने पान्याला तेलाचं बोट लावलं, कुंकू लावलं आणि तो मधोमध ठेवला. आजोबा टोपी हातात धरून उभे होते. डोळे मिटायचे का, असं त्यांनी हळूच मला विचारलं. उद्या पूजा उचलेपर्यंत या अवजारांना हात लावायचा नाही, असं मी त्यांना समजावलं, तेव्हा त्यांनी मान डोलवली. ते जुन्या वळणाच्या चर्चमधले. रविवारी त्यांनी जन्मात कधी इंजिन पेटवलं नव्हतं. त्यांची आई रविवारी बटाटेसुद्धा सोलायची नाही, शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायची. "हे मला कळतं," ते म्हणाले.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. इंजिनाच्या वाटेवर खुणेच्या काठ्या रोवायचं काम माझ्याकडे होतं. चिखल म्हणून मी फुटबॉलचे बूट घातले होते, तळव्याला स्टडच्या खुंट्या असलेले. जाताना छान पकड येत होती. अर्ध्या कुरणात पाय जड व्हायला लागले, परत येताना मी दोनदा घसरले आणि शेडच्या दारात तर सपशेल आपटले. आई हसली. आजोबांनी मला हात दिला. बाबा हसले नाहीत.

"सई, पाय वर कर," ते म्हणाले.

मी बूट वर केला. तळव्यावर स्टड दिसतच नव्हते. त्यांच्या मधल्या जागा चिखलाने गच्च भरून तळवा एक गुळगुळीत भाकरी झाला होता. बाबांनी काडी घेतली आणि दोन स्टडमधला चिखल उकरून पाहिला. तो निघेना. मग त्यांनी चाकाकडे पाहिलं. दात्याला लागून दाता, दात्याला लागून दाता. मी त्यांचा चेहरा पाहत होते आणि त्यांना कळलेलं मलाही कळलं.

"एकाआड एक काढायला हवेत," बाबा स्वतःशीच म्हणाले. "मधे जागा असली तर चिखल गळून पडेल."

"मग काढू या ना. अजून वाफ कुठे धरलीय."

"पाना पूजेत आहे."

"मग?"

त्यांनी हातातली काडी टाकून दिली.

"दुसरा पाना?"

"या मापाचा दुसरा नाही."

मी फळीकडे निघाले तर बाबांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "नाही," म्हणाले. "आज नाही. गेल्या वेळी उचलला होता मी." पलीकडे आई आणि आजोबा खुर्च्यांवर बसून कॉफी पीत होते. आजोबांनी काहीतरी डचमध्ये सांगितलं आणि आई तोंडावर पदर धरून हसायला लागली, तिला डच धड कळत नसताना. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग माझं मनगट सोडून म्हणाले, "पाऊस थांबलाय. जाईल. जायला हरकत नाही." त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो जायला हरकत नाही म्हणणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता.

अकराच्या सुमाराला लोक जमले. मंडळाची माणसं कोट घालून, आजूबाजूचे म्हातारे शेतकरी, कडेवरची मुलं. आजोबांनी शिट्टी वाजवली, तेव्हा वरून जाणारं विमानसुद्धा ऐकू आलं नाही. आजोबा वाफेच्या दांड्याशी, बाबा स्टिअरिंगशी. लिंबू चिरडलं गेलं. इंजिन मळणीयंत्राला घेऊन शेडबाहेर आलं आणि गवतात उतरलं, आणि दाते असे काही रुतले की म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुरुवातीची काही पावलं ते रुबाबात गेलं. मागे गवतात चौकोनी खळगे उमटत होते, एकसारखे, जवळजवळ. आई माझा हात घट्ट धरून चालत होती. मी फक्त चाकाकडे बघत होते. पहिल्या काठीपर्यंत दाते दिसत होते. दुसऱ्या काठीपाशी त्यांची फक्त टोकं दिसत होती. तिसऱ्या काठीपाशी चाक म्हणजे चिखलाचा एक मोठा गोल गोळा होता, कुठेही दाता नाही, आधीपेक्षाही गुळगुळीत.

मग ते जागच्या जागी फिरायला लागलं. आजोबांनी वाफ कमी केली, पुन्हा दिली. चाकाने गवताची साल सोलून काढली आणि खालच्या मऊ मातीत ते शांतपणे उतरायला लागलं. मी दंताळं घेऊन धावले आणि चाकावरचा चिखल ओढायला लागले. एका जागचा काढावा तर दुसरा वर यायचा. "सई, मागे हो," बाबा वरून ओरडले. त्यांनी मला असं ओरडून सांगितल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. मी मागे झाले. इंजिनाची मागची बाजू खाली खाली गेली, राखेचा खण चिखलात बुडाला, आगीची हवा कोंडली. धुराड्यातून जाड पिवळट धूर आला, मग पातळ, मग काहीच नाही. लोखंड गार होताना टिक टिक वाजतं, तेवढा आवाज राहिला. झेंडूचा हार बॉयलरवर तसाच होता.

मंडळाचा एक माणूस पुढे आला आणि बाबांना म्हणाला, "यामर." म्हणजे वाईट झालं, हळहळ वाटली. बस चुकली तरी डच माणूस हाच शब्द वापरतो. बाबांनी त्याचे आभार मानले. दुपारी रबरी टायरचे दोन ट्रॅक्टर आले आणि त्यांनी इंजिन मागच्या मागे ओढून काढलं. लोकांनी तेही पाहिलं, मग वाटाण्याचं सूप प्यायलं आणि घरी गेले.

संध्याकाळी घरी मीच बोलले. बाबांना आधीच कळलं होतं, ते दाते काढणार होते, पण पाना पूजेत होता, असं मी आईला सांगून टाकलं. आई उपासाचे वरीचे तांदूळ ढवळत होती. तिने गॅस बंद केला, बाहेर आली आणि बाबांसमोर जमिनीवर बसली.

"मी ते रागात बोलले होते, विनय. लॅपटॉपचं. तू ते धरून बसलास?"

बाबा सोफ्यावर आडवे होते, त्यांनी पांघरूण वर ओढलं.

"मला विचारायचं तरी. मी माझ्या हाताने उचलून दिला असता तुला पाना. मी स्वतः काढले असते ते दाते."

"तू हसत होतीस," बाबा म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी कूस बदलली. वरीचे तांदूळ थंड होऊन गोळा झाले आणि ते आम्ही टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि रविवार. आई सायकलवर एकटी पूजा उचलायला गेली. आजोबा चर्चच्या काळ्या कोटात शेडच्या दारात उभे होते. आईने पाना उचलून कपाळाला लावला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पाठीमागे घेतले, कारण रविवार होता. मग तो तिने परत फळीवर ठेवला. हे तिने मला फार वर्षांनी सांगितलं.

इंजिन थंडीच्या आधी गेलं. रस्त्यावर न्यायचं म्हणून दाते काढावे लागले. आजोबा आणि मी काढले, मी पाना ओढत होते आणि ते बोल्ट धरत होते. "नॉख एन" कुणी म्हणालं नाही. एक दाता त्यांनी मला दिला. तो आज माझ्या पुण्याच्या घरात वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी असतो. पाहुण्यांच्या पायाला लागतो, तो फेकून दे असं सगळे सांगतात.

पुढच्या उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली आणि आम्ही पुण्याला परतलो. कुणी घालवलं नाही, आम्हीच निघालो. आईला वाटलं होतं, इथे आला की हा माणूस बरा होईल. बाबांनी नंतर कुठे नोकरी केली नाही. ज्या कंपनीकडे ते बँकेचं काम आलं होतं तिची इमारत आमच्या रस्त्यावरच होती. भाजी आणायला जाताना ते तिच्यावरून जायचे आणि यायचे. आई शिवणाचे क्लास घ्यायला लागली. खंडेनवमीला तिने पुन्हा कधी काही मांडलं नाही. कात्रीसुद्धा नाही. त्या दिवशी ती मुद्दाम मशीनवर बसायची आणि दिवसभर शिवायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की बाबा इंजिनाचं विसरले. आमच्या घरात तो विषय निघाला नाही, आणि न निघालेला विषय संपला असं मानायची सोय असते.

मागच्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण बोलणं जवळजवळ बंद झालं. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांना उभं करायला फिजिओथेरपीची एक मुलगी यायची, उत्साही, जराशी मोठ्याने बोलणारी. एक दिवस तिने नवे मोजे आणले. तळव्याला रबराचे ठिपके होते, दाट, ओळीने. "याने मस्त ग्रिप येते आजोबा, घसरायचं नाही आता," म्हणत तिने ते बाबांच्या पायात चढवले. बाबांनी पाय थोडा वर घेतला. हात कसाबसा नेऊन त्यांनी तळवा चाचपला. एक बोट दोन ठिपक्यांच्या मधे घालून पाहिलं.

"एकाआड एक काढ," ते म्हणाले.

कित्येक दिवसांत त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं. त्या मुलीला कळलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली, भ्रम झालेल्या माणसांच्या घरच्यांकडे बघून हसतात तशी, आणि म्हणाली, "फरशी आहे आजोबा, फरशीवर हेच बरं." आई खिडकीशी बसली होती. गुडघे धरत ती उठली, पलंगावर बसली, बाबांचा पाय मांडीवर घेतला. मग मान खाली घालून तिने नखाने एक ठिपका खरवडून काढला, त्याच्या पुढचा ठेवला, त्याच्या पुढचा काढला.